जुने ते मोडीत घालू नका

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात झालेले भाषण)



बुवांचे कीर्तन सुरू व्हायला अजून थोडा अवकाश आहे, तेवढ्यात चार शब्द बोला, अशी समितीची आज्ञा झाली. मी काही वक्ता नव्हे. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर म्हणून माझी उमर गेली. कानस आणि मायक्रोमीटर ही माझी पाटी-पेन्सिल. परंतु गेली पुष्कळ वर्षे जुन्या वस्तू जमवण्याचा आणि नीटनेटक्या करण्याचा नाद मला आहे, हे गावाला ठाऊक आहे. ‘भंगारवाल्याच्या आधी हा पोहोचतो’ असे माझ्या माघारी म्हणतात, तेही मला ठाऊक आहे! त्या नादातून जे शिकलो ते आज देवापुढे सांगावे, एवढाच हेतू.

प्रथम माझी चूक कबूल करतो. आमचा जुना वाडा उतरवला तेव्हा मी ऐन तरुण होतो. हाती पगार खेळू लागला होता. स्टेनलेस स्टीलची भांडी घरी येऊ लागली होती. आजीच्या हातचे दोन तांब्याचे हंडे, एक घंगाळ, पितळी परात आणि पाटाएवढे कुलूप मी चाकणच्या बाजारात किलोवर घातले. आलेल्या पैशात मिक्सर घेतला. आजी एक शब्द बोलली नाही. फक्त हंडा ठेवायची ती कोपऱ्यातली तिवई तिने आत नेऊन ठेवली. मिक्सर पाच-सहा वर्षांत बिघडला. तिवई आजही माझ्या घरी आहे, तिच्यावर ठेवायला हंडा नाही. माझा नाद तिथून सुरू झाला. त्याला हौस म्हणा की प्रायश्चित्त म्हणा.

मंडळी, आपल्या पुणे शहरात एका माणसाने या नादापायी सारे आयुष्य वेचले. दिनकर गंगाधर केळकर त्यांचे नाव. जन्म १८९६ चा. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करीत. घरचा धंदा चष्म्यांचा. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला आरंभ केला. त्यांचा मुलगा राजा बालपणीच वारला. त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला. पत्नी कमलाबाईंची त्यांना मोलाची साथ होती. पुढे १९७५ साली सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९० मध्ये ते गेले. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत.

त्या वस्तू कोणत्या, हे ऐका. हिरे-माणके नव्हेत. दिवे, समया, अडकित्ते, कुलपे, दौती, पाय घासायच्या वज्र्या, गंजिफा, वाद्ये, कोरीव दरवाजे. तुमच्या-माझ्या आजी-पणजीच्या हातातल्याच वस्तू. कोथरूडला मस्तानीचा महाल होता, त्याचे अवशेष आणून तोही तिथे पुन्हा उभारला आहे. एका माणसाने पदरमोड करून एवढे वाचवले. मग अख्ख्या गावाला आपल्या देवळापुरते का जमू नये?

आता आपल्या भागाकडे पाहा. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ झाले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि पुढे चाकण असे कारखाने वाढत गेले. जमिनी गेल्या, पैसा आला, पोरे शिकली. त्याबद्दल मला तक्रार नाही. माझीच चूल त्यावर पेटली. पण या धांदलीत वाडे उतरले आणि त्यांचे खांब, तुळया, महिरपी ट्रकमध्ये भरून कुठल्या कुठे गेल्या. शेर-पायलीची मापे १९५६ च्या कायद्यामागून बाद झाली आणि पितळेच्या भावाने वितळली. आज शाळेतल्या मुलाला विचारा, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. त्याला एक सांगता येणार नाही. माप हातात दिले, की मात्र दोन मिनिटांत समजते. वस्तू राहिली, तर तिच्याबरोबर शब्द राहतो.

ज्या चाकणच्या किल्ल्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाइस्ताखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने दाद दिली नाही, त्याचे आज किती उरले आहे, ते जाऊन पाहा. शत्रूच्या तोफांहून आपली बेपर्वाई अधिक नुकसान करते.

आता आपल्या देवळाची गोष्ट. जीर्णोद्धाराचा खर्च अंदाजाबाहेर जाऊ लागला, तेव्हा समितीच्या बैठकीत एक सूचना आली. गाभाऱ्यातल्या जुन्या दोन समया, काळी पडलेली घंटा आणि सागवानी दरवाजा मोडीत काढावा, म्हणजे नव्या कामाला तेवढाच हातभार. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. देवाचे काम अडू नये हाच होता. मी हात जोडून आठ दिवसांची मुदत मागितली.

एक समई घरी नेली. रिठ्याच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवली. सकाळी मऊ ब्रशाने तेलाची किटणे हळूहळू काढली. ना तेजाब, ना कानस, ना बफिंगचे चाक. तिसऱ्या दिवशी बुडाच्या कडेला अक्षरे दिसू लागली. बाळबोध लिपीत, ओबडधोबड, पण वाचता येण्याजोगी : ‘समस्त गावकरी’. एकाही पाटलाचे नाही, एकाही सावकाराचे नाही. समस्त!

त्या संध्याकाळी समई पारावर ठेवली. आपल्या गावच्या एका वयोवृद्ध आजींनी ती पाहिली आणि सासूकडून ऐकलेले सांगितले. समई करायची ठरली तेव्हा गावाकडे पैसा नव्हता. म्हणून घरटी एक फुटके भांडे गोळा केले. कुणी चेपलेला तांब्या दिला, कुणी बिनकाठाची वाटी दिली, आणि त्या पितळेतून समया ओतवून घेतल्या. आजींचे बोलणे ऐकून पार शांत झाला. ज्यांनी घरची मोड देऊन देवाची समई केली, त्यांची नातवंडे देवाची समई मोडीत घालायला निघाली होती! ज्यांनी सूचना केली होती तेच गृहस्थ उठले आणि म्हणाले, “दरवाजाच्या दुरुस्तीचा खर्च माझ्याकडून.” त्यांचे नाव मी घेत नाही, त्यांना आवडणार नाही. पण आज गाभाऱ्यात शिरताना जो दरवाजा तुम्ही ओलांडता, तो तोच जुना आहे.

आपल्याच खेड तालुक्यात भीमाशंकरला मोठी घंटा आहे, दर्शनाला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेली. तिच्यावर १७२९ हे इंग्रजी साल आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ती घंटा. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही तशीच एक घंटा आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. विजयाच्या भरात या घंटा ओतून भांडी करता आली असती. साल खरवडून टाकता आले असते. त्यांनी ते केले नाही, म्हणून वसईचा विजय आजही कानांनी ऐकू येतो.

जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थच जीर्णाचा उद्धार. जीर्णाची विल्हेवाट नव्हे. २०२४ साली पंढरपूरला विठ्ठल मंदिराचे काम झाले. तिथे गाभाऱ्यात मागाहून बसवलेल्या फरशा काढून मूळचा दगड मोकळा केला. पांडुरंगाला जे शोभले, ते आपल्या नाथसाहेबालाही शोभेल.

कारागिराच्या नात्याने चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पितळ-तांबे-पंचधातूच्या जुन्या वस्तूवर जो गडद रंग चढतो, तो मळ नसतो. तो धातूचा वयाचा रंग. तो घासून काढला की नक्षी पुसट होते आणि धातू पुन्हा नव्याने झिजू लागतो. दगडाला ऑइलपेंट देऊ नका. रंगाने दगडाची भोके बुजतात, आतली ओल आतच राहते आणि पापुद्रे सुटतात. जुन्या चुन्याच्या दर्जांत सिमेंट भरले तरी तोच प्रकार. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडते. लाकडावर वॉर्निशचे थर चढवण्यापेक्षा वाळवी पाहा, कुजलेला तेवढाच तुकडा बदला आणि जवसाचे तेल द्या. पोथ्या, मोडी कागद फाटले तर चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका. स्वच्छ सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. वेशीवरच्या वीरगळांना शेंदूर फासण्याआधी त्यावरची लढाई मुलांना दाखवा. आणि मूर्तीला वज्रलेप करायचा, तर जाणकाराला विचारल्यावाचून हात लावू नका.

दोन शब्द कायद्याचे. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षांवरची मूर्ती, नाणे, कोरीव वस्तू ही पुरावस्तू धरली जाते. ती खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही, आणि मूर्तींसारख्या काही वस्तूंची नोंदणी करावी लागते. पाया खणताना गुप्त धन सापडले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ‘साहेब पुण्याहून आले होते, दहा हजार देतो म्हणाले’ असे कुणी सांगितले, तर त्या साहेबांना चहा द्या, वस्तू देऊ नका!

समितीने माझ्या विनंतीवरून एक नोंदवही केली आहे. देवळातल्या प्रत्येक जुन्या वस्तूचा फोटो, लांबी-रुंदी, वजन आणि तिची ऐकीव माहिती तीत लिहिली आहे. चोरी झाली, तर आपली वस्तू आपलीच, हे सांगायला पोलिसांपुढे दुसरा पुरावा नसतो. वहीची बरीच पाने मुद्दाम कोरी ठेवली आहेत. आपल्या घरी माप असेल, जाते असेल, अडकित्ता असेल, आजोबांची हिशेबाची चोपडी असेल, तर ती देवळाला द्याच असे मी म्हणत नाही. तुमच्या घरीच राहू द्या, पण वहीत नोंद करा, आणि जी माणसे तिची हकीकत सांगू शकतात, त्यांच्याकडून ती लवकर लिहून घ्या. वस्तू थांबते, माणूस थांबत नाही.

देणगीदार मंडळींची नावे संगमरवरावर कोरली आहेत, आणि ती योग्यच आहेत. कष्टाच्या पैशाची आठवण राहायलाच हवी. पण आज आरतीच्या वेळी त्या दोन जुन्या समया पेटतील, तेव्हा त्यांच्या बुडाशी एकदा वाकून पाहा. तिथे तुमच्या पणजीचे नाव आहे. लिहिलेले नाही, पण आहे.

माझे बोलणे लांबले, बुवा खोळंबले आहेत. काही अधिक-उणे बोललो असेन तर गावाने पदरात घ्यावे.

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!