कोपऱ्यातला प्रिंटर

ऑफिसात नवा प्रिंटर आला की आपण खोकं फोडतो, वायर जोडतो, चाचणीचा कागद नीट निघाला की आपल्या लेखी काम संपतं. पुढे टोनर संपेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही.

खरं तर हे यंत्र म्हणजे पुरता संगणक आहे. त्यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे, मोठ्या यंत्रात हार्ड डिस्कही असते. पगारपत्रकं, आधारच्या प्रती, कर्जाची प्रकरणं असं सगळं त्यातून जातं. हा कारभार चालवणारा, यंत्रातच भरलेला प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर.

2011 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आंग कुई आणि त्यांचे प्राध्यापक साल्व्हाटोर स्टोल्फो यांनी एचपीचे काही लेझरजेट प्रिंटर तपासले. या प्रिंटरमध्ये नवं फर्मवेअर छपाईच्याच वाटेनं घालता यायचं. छापायला आलेल्या फाइलमध्ये फर्मवेअर दिसलं की यंत्र ते मुकाट्यानं बसवून घ्यायचं. ते कंपनीकडूनच आलंय का, हे सांगणारी डिजिटल सही तपासण्याची सोयच त्या यंत्रांत नव्हती. म्हणजे नोकरीचा अर्ज म्हणून आलेली एखादी फाइल आपण छापायची आणि त्याच क्षणी प्रिंटर परक्याच्या ताब्यात जायचा! हे दाखवायला संशोधकांनी एक करविवरणपत्र छापायला दिलं. कागद नेहमीसारखा बाहेर आला, पण त्याची प्रत दुसऱ्या संगणकावरही पोचली. टोनर कागदावर पक्का बसवणारा फ्यूजरही त्यांनी तापवत ठेवला. कागद तपकिरी पडला आणि जास्त तापलं की वीज तोडणाऱ्या स्विचनं यंत्र बंद केलं. गाजावाजा झाला तो आगीच्या शक्यतेचा. मला मात्र गुपचूप गेलेली ती प्रत कितीतरी जास्त भयंकर वाटते. त्याच डिसेंबरात एचपीनं दुरुस्त फर्मवेअर दिलं.

प्रश्न तिथेच मिटला असता तर आज हे बोलावं लागलं नसतं. 2021 मध्ये एफ-सिक्युअर या फिनलंडच्या कंपनीतल्या संशोधकांना एचपीच्या दीडशेहून अधिक मॉडेलांत अक्षरांचे फाँट वाचणाऱ्या भागातच खोट सापडली. मुद्दाम तशी बनवलेली पीडीएफ छापली, तरी हल्ला होऊ शकत होता.

आणि 2025 मध्ये रॅपिड7 या कंपनीनं ब्रदरच्या 689 मॉडेलांविषयी जे उघड केलं, ते तर सर्वांत अडचणीचं. या यंत्रांचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड कारखान्यात सीरियल नंबरवरूनच तयार होत होता. नंबर कळला की पासवर्ड काढता येतो, आणि बऱ्याच मॉडेलांत हा नंबर यंत्र नेटवर्कवरून विचारणाऱ्या कुणालाही सांगत होतं. विकल्या गेलेल्या यंत्रांतला हा दोष फर्मवेअर बदलून पूर्ण जात नाही, असं कंपनीनंच मान्य केलं. तिथे पासवर्ड हातानंच बदलायला हवा.

तो कोण बदलणार? संगणकवाले म्हणतात, प्रिंटर एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात आहे. एएमसीचा माणूस रोलर पुसतो, टोनर बदलतो आणि सही घेऊन जातो. पुढच्या खेपेला त्याला थांबवा. फर्मवेअर कोणत्या तारखेचं आहे ते त्याला स्क्रीनवर दाखवायला सांगा, नवं निघालं असेल तर बसवून घ्या आणि अ‍ॅडमिन पासवर्ड त्याच्यासमोर स्वतः बदला. प्रिंटर बाहेरच्या इंटरनेटवरून थेट दिसतो का, हे नेटवर्क बघणाऱ्याकडून त्याच दिवशी तपासून घ्या. दिसत असेल, तर तो रस्ता आधी बंद करा.