कर्ज किती, यापेक्षा कारभार कोणाचा



महिलांच्या आर्थिक सक्षमीकरणाचा विषय निघाला, की किती जणींना किती कर्ज वाटलं याचे आकडे पुढे येतात. माझ्या मते आधी विचारायला हवं ते हे, की कर्ज देणाऱ्या संस्थेच्या कारभारात या बायकांचा शब्द चालतो का?

१९७२ साली इला भट्ट यांनी अहमदाबादेत ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संस्था कामगार संघटना म्हणून नोंदवायला घेतली, तेव्हा सरकारी अधिकारी अडून बसले. भाजी विकणाऱ्या, डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या, चिंध्या जोडून गोधड्या शिवणाऱ्या बायकांना मालकच नाही. मग संघटना भांडणार कोणाशी? भट्ट यांचं म्हणणं असं, की संघटना कोणाच्या तरी विरोधातच असावी असं कुठे आहे, कामगार एकत्र येण्यासाठीही ती असते. नोंदणी झाली. दोन वर्षांनी चार हजार सभासदांनी प्रत्येकी १० रुपये घालून स्वतःची सहकारी बँक उभी केली. सही येत नसलेल्यांची ओळख फोटोवरून पटवली जाई. साताऱ्यातल्या म्हसवडची कथाही अशीच. तिथे बँक काढायला निघालेल्या बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. त्या खचल्या नाहीत, साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा गेल्या: रक्कम सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. निरक्षर माणसाला हिशेब येत नाही, हा शिकलेल्यांचा समज त्या दिवशी उघडा पडला.

आता आक्षेप. कर्ज बाईच्या नावावर निघतं आणि पैसा नवरा वापरतो, असं म्हणतात, आणि ते खोटं नाही. बांगलादेशात ग्रामीण बँक, ब्रॅक अशा संस्थांनी खेडोपाडी बायकांना कर्जं पोचवली. पण तिथल्या कर्जांवर १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बऱ्याच कर्जांचा ताबा प्रत्यक्षात घरच्या पुरुषांकडे असल्याचं दिसलं. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात तर लहान कर्जं देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या वसुलीचा जाच इतका वाढला, की सरकारला वटहुकूम काढावा लागला. म्हणजे सगळं थोतांडच का? मला तसं वाटत नाही. आंध्रातल्या त्या कंपन्यांना बाई हवी होती ती हप्ता वेळेवर भरणारी म्हणून. व्याज किती, वसुली कशी, हे ठरवताना तिला कोणी विचारलं नाही. सेवा बँकेत मात्र बाई भागधारक आहे. मालकी मिळाली म्हणून नवऱ्याचा हात पैशापर्यंत पोचतच नाही, असा माझा दावा नाही. पण नाही म्हणायला तिच्या पाठीशी चारजणी उभ्या राहतात, हा फरक लहान नव्हे.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. १९५९ साली मुंबईतल्या गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे काम करणारी प्रत्येक सभासद बहीण मालक आहे, हे खरंच. पण केंद्रावरून पीठ घरी न्यायचं आणि घरकाम सांभाळून पापड लाटायचे, यात घरकाम कोणाचं या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही, असं टीकाकार म्हणतात. हे मान्य करायला हवं. फार थोड्या संस्थांनी त्याला हात लावला आहे. तरीही सेवाचं उदाहरण पाहा. मूल कडेवर घेऊन काम करणाऱ्या बायकांची गरज संघटनेत बोलली गेली आणि तिथे पाळणाघरं निघाली. केवळ कर्ज वाटणाऱ्या कचेरीत पाळणाघराचा विषय कोणी, कोणत्या बैठकीत काढला असता?