ऑनलाइनची जोड आणि गेमचा खप



नव्वदच्या दशकात बीडसारख्या गावात ‘टीव्ही गेम’ आला, तेव्हा गल्लीत एक यंत्र आणि एक पिवळी कॅसेट असली की भागायचं. दोन रिमोट, त्यातल्या एकाचं बटण हटकून रुतलेलं. ‘काँट्रा’ दोघं खेळायचे, बाकीची पोरं मागं नंबर लावून बसायची. मजा सगळ्यांची, विक्री मात्र एका कॅसेटची. तीही बहुधा नकली.

ऑनलाइननं हे गणित फिरवलं. बीडच्या मुलाला पुण्यात शिकणाऱ्या मित्राबरोबर खेळायचं, तर यंत्रं दोन आणि गेमच्या प्रतीही दोन. मग खप वाढणारच, असं कंपन्यांनी धरलं. त्यात आणखी एक स्वार्थ होता. गोष्ट खेळून संपली की लोक डिस्क निम्म्या किमतीत विकून टाकत आणि त्या व्यवहारात कंपनीला छदामही मिळत नसे. ऑनलाइनची चटक लागली तर डिस्क घरातच राहील! इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीनं तर २०१० साली नव्या डिस्कसोबत एकदाच चालणारा कोड द्यायला सुरुवात केली. जुनी डिस्क घेणाऱ्यानं ऑनलाइनसाठी वेगळे पैसे मोजायचे. गिऱ्हाइकं चिडली, २०१३ मध्ये ती पद्धत गुंडाळावी लागली.

मग ऑनलाइननं खप खरंच वाढला का? ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या गेमचा पाचवा भाग सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि तीन दिवसांत त्यानं शंभर कोटी डॉलरचा धंदा केला. त्याचा ऑनलाइन भाग उघडला दोन आठवड्यांनी. म्हणजे पहिली झुंबड ऑनलाइनसाठी नव्हतीच. पण पुढं दहा वर्षं तो खपतच राहिला, वीस कोटी प्रतींच्या वर गेला. त्याचं बरंचसं श्रेय ऑनलाइनला द्यावं लागेल.

‘गॉड ऑफ वॉर’ या गेमचं नेमकं उलट झालं. २०१३च्या ‘असेन्शन’ या भागाला ऑनलाइन लढाया जोडल्या, तरी खपात तो तिसऱ्या भागाच्या मागंच राहिला. २०१८च्या भागात ऑनलाइन काढूनच टाकलं. बाप-लेकाच्या प्रवासाची गोष्ट तेवढी ठेवली आणि त्याच्या दोन कोटींहून जास्त प्रती गेल्या. ठिगळ लावून खप वाढत नाही, असं माझं मत आहे. खेळाचा जीवच चारचौघांत असेल, फुटबॉलसारखा, तरच ऑनलाइन फळतं.

आपल्याकडं पोरं मोबाइलवर फुकटच खेळतात, तिथं प्रतींचा प्रश्नच येत नाही. पण पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नं २०२० साली ‘राजी’ हा गेम कन्सोलवर आणला, तोही एकट्यानं खेळायचा. ऑनलाइनसाठी लागणाऱ्या सर्व्हरचा महिन्याकाठचा खर्च लहान चमूला परवडत नाही. शिवाय सर्व्हरवर समोर खेळायला कोणी नसेल, तर घेणाऱ्याला फसल्यासारखं वाटतं. बीड-अंबाजोगाईची जी मुलं गेम बनवायचं शिकताहेत, त्यांनी हा खर्च आधी कागदावर मांडावा आणि मगच ऑनलाइनचं ठरवावं.