लग्न नेमकें केव्हां लागतें?

आपल्याकडील कोणत्याही मंगल कार्यालयांत जाऊन 'लग्न केव्हां लागलें?' असें विचारावें, तर शंभरांतले नव्याण्णव पाहुणे मुहूर्ताची वेळ सांगतील. शेवटचें मंगलाष्टक झालें, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, कीं लग्न लागलें! मग मंडळी पंगतीकडे, अलीकडे बुफेकडे, वळतात. आणि मांडवांत होमापाशीं उरतात ते वधूवर, भटजी, दोन्हीकडचे आईबाप व करवली. परंतु कायदा ज्या क्षणाकडे बोट दाखवितो, तो क्षण बहुधा यानंतर येतो, आणि त्या वेळीं पाहुणा जिलबीच्या रांगेंत असतो.

१९५५ चा हिंदु विवाह कायदा असें सांगतो कीं, वधू किंवा वर या दोहोंपैकीं कोणा एकाच्या रूढ विधींनीं विवाह लागला पाहिजे. आणि त्या विधींत सप्तपदीचा समावेश असेल, तर सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. सप्तपदी सर्वांनाच लागू आहे असें मात्र नव्हे. हा कायदा बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. महाराष्ट्रांतील बौद्ध विवाह त्रिशरण-पंचशील घेऊन होतात. सत्यशोधक समाजानें १८७३ पासूनच पुरोहितावांचून विवाह लावण्याचा पायंडा पाडला. ज्याची जी रूढि असेल तिचे विधि पुरे व्हावेत, एवढेंच कायद्याचें मागणें आहे. ख्रिस्ती, पारशी व मुसलमान समाजांचे नियम निराळे असून त्यांचा विचार येथें केलेला नाहीं.

विधि पुरे झाले किंवा न झाले, तर बिघडतें काय? याचें उत्तर महाराष्ट्रांतूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका खटल्यानें १९६५ सालीं दिलें. पहिली बायको हयात असतांना एका गृहस्थानें दुसरें लग्न केलें आणि त्यावर द्विभार्याप्रतिबंधाखालीं खटला झाला. दुसरें लग्न 'गांधर्व' पद्धतीनें झालें होतें. त्यांत होम नव्हता, सप्तपदी नव्हती, आणि यांवांचून विवाह होतो अशी रूढिही शाबीत झाली नाहीं. न्यायालय म्हणालें, दुसरा विवाह कायद्यानें झालाच नाहीं. तेव्हां गुन्हाही नाहीं. आरोपी सुटला. आतां त्या दुसऱ्या स्त्रीचा विचार करावा. तिच्या मनानें ती विवाहित होती. कायद्याच्या लेखीं मात्र ती कोणाचीच पत्नी नव्हती. विधि अपुरे ठेवण्याचा भुर्दंड बहुधा स्त्रीच्याच वांट्यास येतो.

याच्या उलट बाजूचा प्रसंग एप्रिल २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें आला. एका जोडप्यानें २०२१ सालीं उत्तर प्रदेशांत एका संस्थेकडून विवाहाचें प्रमाणपत्र घेतलें, त्यावर सरकारी नोंदणीही करून घेतली, आणि खरा समारंभ पुढच्या वर्षीं करावयाचा ठरविला. समारंभाआधींच बेबनाव झाला. न्यायालयानें निकाल दिला कीं, विधीच झाले नाहींत, तेव्हां हा हिंदु विवाह नव्हे. आणि नोंदणीचा कागद नसलेला विवाह निर्माण करूं शकत नाहीं. नोंदणी हा विवाहाचा पुरावा आहे, विवाह नव्हे. परदेशच्या परवान्याची घाई असल्यामुळें 'आधीं कागद, मग लग्न' असा क्रम लावणारीं घरें पुण्यामुंबईंतही आहेत. त्यांनीं हा निकाल अवश्य ध्यानांत ठेवावा.

घाई खरीच असेल, तर कायद्यांत तिला उजळ माथ्याचा मार्ग आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालीं विवाह अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांदेखत वधूवरांनीं परस्परांस पति व पत्नी म्हणून स्वीकारल्याचे शब्द उच्चारले, म्हणजे तोच विवाह. पुढें हौसेनें मांडव घालावा, मंगलाष्टकें म्हणावींत; कायद्यानें लग्नाची तारीख मात्र अधिकाऱ्यापुढचीच राहते. धर्म भिन्न असलेल्यांना तर हाच राजमार्ग होय. १८७२ च्या जुन्या कायद्याखालीं वधूवरांना आपण अमुक धर्म मानीत नाहीं असें लिहून द्यावें लागे. १९५४ च्या कायद्यांत तशी अट नाहीं.

या मार्गाचें गणित नीट मांडलें पाहिजे, कारण येथेंच बहुतेकांची फसगत होते. दोघांपैकीं एकाचें तरी वास्तव्य नोटिशीच्या लगत आधीं तीस दिवस त्या जिल्ह्यांत असावें लागतें. नोटीस कचेरींत सर्वांना दिसेल अशी लावतात. तीस दिवसांत कोणी कायदेशीर हरकत घेतली नाहीं, म्हणजे विवाह लागूं शकतो. परंतु नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आंत तो लागला नाहीं, तर नोटीस शिळी होते आणि पुन्हां पहिल्यापासून सुरुवात. समजा, १० मे ही तारीख धरून कार्यालय ठरलें आहे. जानेवारींत उत्साहानें दिलेली नोटीस तोंवर मेलेली असेल, आणि एप्रिलच्या मध्यावर दिलेली अजून पिकलेली नसेल. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ हाच योग्य. आईबापांची नाराजी ही कायदेशीर हरकत नव्हे. वय, आधींचा हयात जोडीदार, निषिद्ध नातें, संमति देण्यास असमर्थ अशी मनःस्थिति, एवढ्याच गोष्टी विचारांत घेतात. मामेबहिणीशीं लग्न आपल्याकडे कित्येक घरांत रूढ आहे आणि हिंदु विवाह कायदा रूढीला मान देतो. विशेष विवाह कायद्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादींत मात्र तें नातें आहे, तेव्हां अशा घरांनीं आधीं वकिलाला विचारावें.

वयाची अट दोन्ही कायद्यांत एकच : वराला एकवीस, वधूला अठरा. वधूचेंही वय एकवीस करण्याचें विधेयक डिसेंबर २०२१ मध्यें लोकसभेंत मांडलें होतें; २०२४ सालीं ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही तिच्याबरोबर बारगळलें.

मांडवांतल्या विवाहाची नोंदणी महाराष्ट्रांत १९९८ च्या कायद्याप्रमाणें नव्वद दिवसांच्या आंत व्हावी अशी अपेक्षा आहे. शहरांत महापालिकेच्या विभाग कचेरींत, खेड्यांत ग्रामपंचायतींत हें काम होतें. नमुना 'ड' भरावयाचा, वयाचे व राहण्याचे पुरावे आणि लग्नपत्रिका जोडावयाची, तीन साक्षीदारांच्या सह्या घ्यावयाच्या. अर्जावर पुरोहिताचीही सही लागते, आणि घोडें अडतें तें येथेंच! वैशाखांत एका दिवसांत तीन मांडव उरकणारा भटजी आषाढांत शोधून सांपडत नाहीं. म्हणून कोरा नमुना आधींच आणून ठेवावा आणि दक्षिणा देतांनाच सही घ्यावी.

आणखी एक कागद आहे. त्याचें नांवही पुष्कळांनीं ऐकलेलें नसतें. हुंडाप्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्याखालच्या १९८५ च्या नियमांप्रमाणें लग्नांत आलेल्या भेटींची यादी ठेवावी लागते. वधूला आलेल्या वस्तूंची वधूनें, वराला आलेल्यांची वरानें. वस्तु, तिची अदमासें किंमत, देणाऱ्याचें नांव आणि नातें लिहून दोघांनीं सही करावयाची. आहेर लिहिण्याची वही आपल्याकडे होतीच. पण ती परतफेडीच्या हिशेबासाठीं. ही यादी असली, तर पुढें दुर्दैवानें वांकडें आलें तरी वधूच्या पाटल्या कोणाच्या हा प्रश्न उरत नाहीं.

गोमंतकांत व्याही असतील त्यांनीं तेथील रीत निराळी आहे हें ओळखावें. तेथें पोर्तुगीज अमदानींतील १८६७ ची नागरी संहिता अद्याप कुटुंबविषयक बाबतींत चालते. नागरी निबंधकापुढें आधीं विवाहाचा मनोदय नोंदवावयाचा आणि मुदतीनंतर पुन्हां जाऊन सही करावयाची. वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते. असा करार विवाहापूर्वींच व्हावा लागतो. मागाहून करतां येत नाहीं.

राहतां राहिली मांडवांतली वेळ. कार्यालयाचे तास मोजके असतात आणि छायाचित्रकाराला घाई असते. म्हणून काट बसते ती होमाला व सप्तपदीला. वस्तुतः दहा-पंधरा मिनिटांचें हें काम. मुहूर्त साडेबाराचा असेल, तर सप्तपदीनंतर, दीडला पानें मांडावींत, असें कार्यालयाच्या व्यवस्थापकाला आधींच बजावून ठेवावें. आणि नोंदणीच्या अर्जावर जे तिघे साक्षीदार म्हणून सही करणार, त्यांना तरी सातवें पाऊल पडेपर्यंत मांडवांतच बसवून घ्यावें.