जंगल पाहणारे आणि जंगलावर जगणाऱ्या
(भंडारा जिल्ह्यातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)

कोका, नागझिरा, नवेगाव अशी तीन-चार दिवसांची सफर करायला शहरातून गाड्या येतात. सोबत गाईड असतो. वाघ दिसला की पैसे वसूल! २०१३ साली ही जंगलं मिळून व्याघ्र प्रकल्प झाला.

या जंगलाकाठच्या बाया चैत्रात मोहफुलं वेचायला, वैशाखात तेंदूपानं तोडायला पायीच निघतात. त्यांना वाघ दिसला तर जिवावर बेततं.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं तेंदूपानासारख्या गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला. लग्न झालेल्यांचा वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे हवा, असंही तो सांगतो. तेव्हा ग्रामसभेत जा, पट्ट्यावर आपलं नाव आहे का ते विचारा. आणि जंगलाची वाट जिच्या पायाखालची, तिलाही गाईडचं काम मिळावं, असा ठराव मांडा.