एशू म्हणजे सैतान नव्हे

आज माझ्या एका चुकीची गोष्ट सांगतो.

आमच्या टीममध्ये नायजेरियाचा एक जण आहे, योरुबा. एकदा बिल्ड काही केल्या पास होईना, तेव्हा तो कॉलवर म्हणाला, "आज एशू खेळतोय." मी लगेच दुसऱ्या टॅबमध्ये शब्द शोधला आणि हसत म्हणालो, "अच्छा, तुमचा सैतान!" तो गप्प झाला. मग म्हणाला, "माझी आजी त्याला पामतेल वाहायची. ती काय सैतानाला भजायची?"

त्या रात्री वाचत बसलो.

एशू हा देवांचा निरोप्या. चौरस्ते, उंबरठे, बाजार ही त्याची ठिकाणं. नैवेद्यातला पहिला वाटा त्याचा, नाहीतर पुढच्या देवांपर्यंत काही पोचत नाही. डेव्हलपर मंडळी, गेटवेच की हा! आणि त्यांची इफा नावाची कौल लावायची पद्धत ऐका. 16 पामबिया एका हातातून दुसऱ्या हाताने झपकन उचलायच्या. मागे एक उरली तर दोन खुणा, दोन उरल्या तर एक. असं आठ वेळा, म्हणजे 256 शक्यता. चक्क आठ बिट! या खुणा ज्या लाकडी ताटावर काढतात, त्याच्या काठावर एशूचा चेहरा कोरलेला असतो.

खोड्याही काढतो तो. दोन जिवलग मित्रांची शेतं रस्त्याच्या दोन बाजूंना. एशू मधून चालत गेला, डोक्यावर दोन रंगांची टोपी. एक म्हणाला लाल, दुसरा म्हणाला काळी. पार हाणामारी! आपल्याला लगेच नारद आठवतो, पण नारदासाठी कोणी नैवेद्याचा पहिला घास काढत नाही.

मग सैतान कुठून आला? सॅम्युएल अजयी क्राउथर. 1821 मध्ये गुलाम म्हणून पकडलेला योरुबा मुलगा, पुढे 1864 मध्ये बिशप झाला. बायबल योरुबात आणण्याचं मोठं काम त्याचं. त्यात सैतानासाठी शब्द वापरला गेला 'एशू'. योरुबांकडे निव्वळ वाईट असा देवच नव्हता, मग खोडकराच्या गळ्यात ते नाव पडलं. क्राउथरला मी खलनायक नाही म्हणणार. त्याने आपली भाषा छापून जपली. पण एक शब्द चुकला, आणि तो पार गूगल ट्रान्सलेटपर्यंत आला. भाषातज्ज्ञ कोला तुबोसुन यांनी तिथला अर्थ बदलायचा प्रयत्न केला. "एशू सैतान नाही" अशी ऑनलाइन मोहीमही चालते.

दुसऱ्या दिवशी मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "सोड रे. शाळेत शिकून आल्यावर मीही आजीला हेच म्हणालो होतो. दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी."