सुधारित रोहू : परदेशी सहकार्याचे फळ आपल्या तळ्यात यावे
(मत्स्यशेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्वारीचे किंवा कपाशीचे बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल वाचतो, वाण विचारतो, पावती जपून ठेवतो. परंतु शेततळ्यात सोडण्यासाठी मत्स्यबीज घेताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो, "हजाराला भाव काय?" माशालाही वाण असतो आणि तो चुकला तर वर्षभराचे खाद्य व पाणी वाया जाते. आज याच विषयावर चार शब्द बोलणार आहे.

पूर्वी रोहू, कटला व मृगळ यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन यशस्वी केले. त्यायोगे बीजासाठी नदीवर अवलंबून राहण्याची गरज संपली. पुढे जागोजाग बीजोत्पादन केंद्रे उभी राहिली.

परंतु या सोयीतूनच एक अडचण निर्माण झाली. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते. त्यामुळे थोड्याशा जोड्यांवर केंद्राची वर्षाची गरज भागते. पुढच्या वर्षी त्यांचीच पिल्ले प्रजनक म्हणून वापरली जातात, त्यानंतर त्यांची पिल्ले. काही पिढ्यांत सगळे एकमेकांचे सख्खे-चुलत नातलग होतात. एकच वळू गावात वर्षानुवर्षे ठेवला तर कळपाचे काय होते, हे आपणांस ठाऊक आहे. माशांतही तेच घडते. वाढ खुंटते, मर वाढते, व्यंग असलेली पिल्ले निपजतात. काही ठिकाणी रोहू व कटला एकाच कुंडात प्रजननासाठी सोडल्याने नको असलेला संकरही होतो.

या अडचणीवर उपाय शोधण्यात नॉर्वे या देशाची मदत झाली. तेथील शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात चाळीसच्या आसपास नद्यांतून सामन माशाचे वाण जमवून निवड पद्धतीने सुधारणा केली होती. १९८८ पासून हीच पद्धत फिलिपाईन्समध्ये तिलापिया माशासाठी वापरण्यात आली. त्यासाठी इजिप्त, घाना, केनिया व सेनेगल या देशांतून मासे आणले गेले. त्यातून 'गिफ्ट' हा प्रसिद्ध वाण तयार झाला. आपल्याकडे त्याचे संवर्धन शासनाच्या परवानगीनेच करता येते, हे लक्षात ठेवावे.

१९९२ साली भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या संशोधन संस्थेबरोबर रोहूचे काम सुरू केले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नॉर्वेने मासा दिला नाही, पद्धत दिली. मासा आपलाच होता. गंगा, यमुना, गोमती, सतलज व ब्रह्मपुत्रा या नद्यांतील रोहू आणि संस्थेच्या तळ्यांतील रोहू एकत्र करण्यात आले.

ही पद्धत समजण्यास सोपी आहे. प्रत्येक जोडीची पिल्ले प्रथम वेगळी वाढवतात. ती थोडी मोठी झाली की प्रत्येकीच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी खूणपट्टी बसवतात. मग सर्व पिल्ले एकाच तळ्यात सोडतात. पाणी तेच, खाद्य तेच. त्यामुळे वाढीत जो फरक दिसतो त्यातला वंशाचा भाग ओळखता येतो. चांगल्या कुळांतील मासे पुढील प्रजननासाठी निवडतात, मात्र जवळच्या नात्यातील जोड्या टाळतात. अशा निवडीमुळे दर पिढीला वाढीचा वेग सरासरी १७ टक्क्यांनी वाढल्याचे आढळून आले. १९९७ साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, या वाणाला 'जयंती' हे नाव मिळाले.

या कामाचे महत्त्व केवळ आपल्या तळ्यापुरते नाही. समुद्रातील व नद्यांतील मासेमारी कित्येक वर्षे फारशी वाढलेली नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली मासे, कोळंबी इत्यादी जलचरांचे संवर्धनातून ९.४४ कोटी टन, तर मासेमारीतून ९.१ कोटी टन उत्पादन मिळाले. संवर्धन प्रथमच पुढे गेले. जगाच्या ताटातला मासा यापुढे तळ्यातूनच वाढायचा आहे. तो कमी पाण्यात व कमी खाद्यात वाढवायचा तर सुधारित बीजाला पर्याय नाही.

मात्र दोन देशांनी मिळून केलेले हे काम एखाद्या केंद्राच्या निष्काळजीपणामुळे दोन-तीन पिढ्यांत वाया जाऊ शकते. सुधारित रोहूची पिल्लेही आपसातच प्रजननास वापरली तर पुन्हा जुनाच प्रकार होणार. म्हणून आपण पुढील गोष्टी कराव्यात.

१) बीज घेताना प्रजनक मासे कोठून व कोणत्या साली आणले, हे विचारावे. उत्तर टाळणाऱ्याकडून बीज घेऊ नये.

२) मत्स्यजिरे स्वस्त पडते म्हणून थेट तळ्यात सोडू नये. निदान बोटाएवढी, एकसारख्या आकाराची व चपळ बोटुकली निवडावी.

३) पावती घ्यावी. बीज सोडल्याची तारीख व संख्या नोंदवून दर महिन्याला जाळे टाकून काही माशांचे वजन पाहावे. या नोंदींशिवाय वाणाची पारख होत नाही.

४) एकट्याने विचारले तर कोणी दाद देत नाही. गावातील शेततळेधारकांनी एकत्रित मागणी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे नोंदवावी.

५) वलगणीच्या वेळी अंडी भरलेली मासळी मारू नये. 'जयंती'चे मूळ नद्यांतच होते. नदीतला मासा संपला तर उद्याच्या निवडीसाठी मूळ वाणच उरणार नाही.

शास्त्रज्ञांनी देशोदेशी हात मिळवून आपले काम केले आहे. ते आपल्या बांधापर्यंत आणायचे तर बीज विकणाऱ्यास आपण प्रश्न विचारले पाहिजेत. पुढच्या पावसाळ्यात बीज घ्यायला जाल, तेव्हा भाव जरूर विचारा. पण त्याआधी वाण विचारा.